ब्रँच की कॉलेज?

लातूरच्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी मुलीसाठी केलेली एक्सेल शीट मी पाहिली. पंधरा-सोळा रकाने आणि काहीशे ओळी. कॉलेज, गाव, ब्रँच, मागच्या वर्षी पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या फेरीत जागा कितव्या रँकला संपली, फी, स्टायपेंड, बाँड किती वर्षांचा, मोडला तर दंड किती, हॉस्टेल मिळतं का, लातूरहून कोणती गाडी जाते. सगळं रंग देऊन, नीटनेटकं. शेवटच्या रकान्याला मात्र रंग नव्हता. त्याचं नाव ‘शेरा’. त्यात ‘सीनियर बरे’, ‘पाण्याचे हाल’, ‘एचओडी लवकरच रिटायर’, ‘टॉक्सिक??’, ‘पुन्हा विचारणे’ असं काहीबाही लिहिलेलं. बाकीचे रकाने सरकारी याद्यांवरून भरले होते. हा फोनवरून भरला होता.

“जन्मभर कर्जाचे प्रस्ताव तपासले,” ते म्हणाले. “पण तिथं माणूस समोर बसायचा. त्याला प्रश्न विचारता यायचे, दुकान बघून यायचो. इथं पोरगी तीन वर्षांसाठी द्यायची आणि स्थळ बघायलाही जाता येत नाही.”

एमबीबीएस झालेली मुलं पीजीची, म्हणजे पदव्युत्तर शिक्षणाची, जागा कशी निवडतात, हे बाहेरच्याला फार सोपं वाटतं. परीक्षा द्यायची, रँक येतो, रँकप्रमाणे जे मिळेल ते घ्यायचं. यात निवडायचं काय? निकालाच्या रात्रीपर्यंत मुलांनाही असंच वाटत असतं. मग यादी भरायची वेळ येते आणि लक्षात येतं, की रँक फक्त रांगेतली जागा सांगतो. दारातून आत गेल्यावर काय मागायचं, ते सांगत नाही.

आधी रांगेबद्दल. साडेचार वर्षं अभ्यास, एक वर्ष इंटर्नशिप आणि मग नीट-पीजी. दोनशे प्रश्न, साडेतीन तास, बरोबर उत्तराला चार गुण आणि चुकीला एक वजा. ३ ऑगस्ट २०२५ च्या परीक्षेला २ लाख ४२ हजारांहून अधिक डॉक्टरांनी नाव नोंदवलं होतं. ही परीक्षा एकाच सत्रात घ्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला द्यावा लागला होता, कारण आदल्या वर्षी ती दोन सत्रांत झाली आणि गुणांच्या समानीकरणावरून रणकंदन माजलं. त्याच वर्षी, २०२४ मध्ये, २३ जूनची परीक्षा आदल्या रात्री पुढे ढकलली होती. परगावच्या केंद्राशेजारी लॉजमध्ये उतरलेल्या मुलांना ती बातमी मोबाइलवर कळली.

जागांचं म्हणाल, तर सरकारी आकड्यांनुसार देशात २०१४ पूर्वी पीजीच्या ३१,१८५ जागा होत्या. दहा वर्षांत त्या सत्तर हजारांच्या पुढे गेल्या. सरकारी कॉलेजांतल्या निम्म्या जागा अखिल भारतीय कोट्यातून मेडिकल कौन्सेलिंग कमिटी, म्हणजे एमसीसी, भरते आणि उरलेल्या निम्म्या राज्याचा सीईटी सेल. अभिमत विद्यापीठंही एमसीसीकडेच. त्याखेरीज खासगी आणि धर्मादाय रुग्णालयांत डीएनबी या पदवीच्या जागा आहेत. एम्स, चंडीगडचं पीजीआय, जिपमर यांची आयएनआय-सीईटी ही परीक्षाच निराळी, वर्षातून दोनदा होणारी. राज्याच्या वाट्यातही रहिवासाच्या दाखल्यावर आरक्षण ठेवता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २९ जानेवारी २०२५ ला सांगितलं. ज्या संस्थेत एमबीबीएस झालं तिथं काही प्रमाणात प्राधान्य ठेवायला मात्र मुभा राहिली. त्या निकालानंतर नियम काय राहणार, हे समजून घेण्यात मुलांचे आणि बापांचे कित्येक दिवस गेले.

म्हणजे एकाच मुलीची दोन-तीन वेगळ्या रांगांत नावं असतात. त्या रांगांच्या तारखा एकमेकींत घुसतात. एकीकडची जागा धरावी, तर दुसरीकडची सुटते.

&nbsp;

‘ब्रँच की कॉलेज?’ हा या काळात महाराष्ट्रातल्या प्रत्येक हॉस्टेलच्या गच्चीवर चर्चिला जाणारा प्रश्न आहे. म्हणजे मुंबईच्या केईएममधली ॲनेस्थेशिया घ्यायची, की अंबाजोगाईतली मेडिसिन? पुण्याच्या बीजेमधली पॅथॉलॉजी, की यवतमाळची गायनॅक? एकाच रँकवर हे असे दोन टोकांचे पर्याय समोर येतात. सीनियर सल्ला देतात तो बहुधा ‘ब्रँच बघ, कॉलेज विसर’ असा. कॉलेज तीन वर्षांचं, ब्रँच आयुष्यभराची. ऐकायला पटतं. पण ब्रँच आवडीने निवडायला ती आधी कुठेतरी दिसलेली असावी लागते, आणि आपली व्यवस्था ती दिसूच देत नाही.

ब्रँच दिसायची जागा म्हणजे इंटर्नशिपचं वर्ष. या वर्षात मुलाने वॉर्डात हिंडावं, प्रसूती कराव्यात, टाके घालावेत, कोणत्या कामात आपला वेळ कसा जातो हे बघावं, अशी अपेक्षा. प्रत्यक्षात याच वर्षाच्या शेवटी नीट-पीजी असते, म्हणून इंटर्न लायब्ररीत असतो. मॅरो किंवा प्रेपलॅडर या कोचिंग ॲपचे व्हिडिओ दीडपट वेगाने चालू, रविवारी ग्रँड टेस्ट, आणि वॉर्डात त्याच्या जागी मित्र सही करून मोकळा. जो वॉर्डात राहतो त्याच्याकडूनही रक्ताचे नमुने पोचवणं आणि ट्रॉली ढकलणं हीच कामं जास्त करून घेतात. दहा वर्षांपूर्वी ही तक्रार ऐकली होती, आज ती जास्त खरी आहे. ज्या विषयात पुढची चाळीस वर्षं काढायची, त्या विषयाच्या ओपीडीत या मुलाने आठवडाभरही मनापासून बसून पाहिलेलं नसतं.

मग आवडीची जागा घेतो क्लोजिंग रँक. मागच्या वर्षी एखादी जागा कितव्या रँकला संपली, यावरून तिची किंमत ठरते. रेडिओलॉजी लवकर संपली, म्हणजे चांगली असणार. चांगली म्हणून यंदा आणखी लवकर संपते. माझा रँक रेडिओलॉजीपर्यंत पोचतोय तर मी पीडियाट्रिक्स घेऊन तो वाया का घालवू, हा प्रश्न मला एकाहून अधिक मुलांनी अगदी याच शब्दांत विचारला. रँक वाया घालवणे ही कल्पनाच मला प्रथम चमत्कारिक वाटली. नंतर लक्षात आलं, की दहावीपासून ही मुलं हेच करत आलीत. मार्क पडले की सायन्स. नीटला मार्क पडले की एमबीबीएस.

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी गेली चाळीसेक वर्षं हॉस्पिटल चालवणारे एक सर्जन या विषयावर तासभर बोलले. त्यांच्या वेळी अशी देशभराची परीक्षा नव्हती. एमबीबीएसच्या त्या-त्या विषयातले मार्क बघत, सहा-सहा महिन्यांच्या हाऊस पोस्ट करत आणि त्यात सरांनी माणूस पारखलेला असे. पहिले आलेले मेडिसिन किंवा सर्जरीला जात. रेडिओलॉजी म्हणजे काळोख्या खोलीत ओल्या फिल्म वाळवत बसणं. “आता सगळ्यांना एसीत बसायचंय,” ते म्हणाले. “पेशंटला हात लावायचा नाही, रात्री फोन यायला नको.”

त्यांचं चुकलं असं म्हणवत नाही, कारण शिडी खरोखर उलटी झाली आहे. गेली काही वर्षं नीट-पीजीच्या पहिल्या शंभरांतले बहुतेक जण रेडिओलॉजी नाहीतर मेडिसिन घेतात, आणि मेडिसिन घेणाऱ्यांतल्या अनेकांचा डोळा पुढच्या कार्डिऑलॉजीवर किंवा गॅस्ट्रोवर असतो. त्यांच्या मागोमाग डर्मा संपते. जनरल सर्जरी, गायनॅक, ॲनेस्थेशिया पुष्कळ खाली मिळतात. सीटी, एमआरआय आणि सोनोग्राफी आल्यावर रेडिओलॉजिस्टच्या रिपोर्टशिवाय कुठलाच निर्णय पुढे जाईना, आणि घरी बसून रिपोर्टिंग करता येऊ लागलं. गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्याखाली सोनोग्राफीच्या एफ फॉर्ममधल्या कारकुनी चुकीसाठीही खटला होऊ शकतो, ही टांगती तलवार डोक्यावर असूनही मुलं तिकडे धावतात.

पण याला आळस म्हणायला मी तयार नाही. सर्जरीचा रेसिडेंट इमर्जन्सीच्या दिवशी सकाळी आठला येतो आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सुटतो. निवासी डॉक्टरांनी सलग बारा तासांहून आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांहून अधिक काम सहसा करू नये, असं केंद्र सरकारचं परिपत्रक आहे. जून १९९२ चं. ते काढलं तेव्हा आज यादी भरणारी मुलं जन्मलेलीही नव्हती. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलाने २०२४ मध्ये आठवड्याला चौऱ्याहत्तर तासांची मर्यादा सुचवली, तेव्हा अनेक रेसिडेंटांना ती सवलत वाटली. मार्च २०१७ मध्ये धुळ्यात एका तरुण ऑर्थोपेडिक डॉक्टरला नातेवाइकांनी इतकं मारलं, की त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली आणि राज्यभरचे निवासी डॉक्टर कामावरून उठले. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा तेव्हा सात वर्षांचा झाला होता. ९ ऑगस्ट २०२४ ला कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात ड्यूटीवरच्या एका रेसिडेंटवर बलात्कार होऊन तिचा खून झाला, तो ती विसाव्यासाठी सेमिनार हॉलमध्ये गेली असताना. रात्री झोपता यावं आणि कोणी अंगावर येऊ नये, एवढंच मागणाऱ्याला एसीची हौस आहे असं म्हणणं अन्यायाचं होईल.

&nbsp;

आता ‘शेरा’ रकान्याकडे येतो. खरी निवड तिथेच होते.

निकाल लागला, की महाराष्ट्रातल्या प्रत्येक जेआर-वनचा फोन अनोळखी नंबरांनी भरून जातो. ‘मॅम, मी अमुक कॉलेजची दोन हजार एकोणीसची बॅच. दोन मिनिटं आहेत का?’ जेआर-वन म्हणजे पहिल्या वर्षाची रेसिडेंट. तिला दोन मिनिटं नसतात, तरी ती देते, कारण मागच्या वर्षी तिनेही असेच फोन केलेले असतात. मुंबईत बालरोग विभागात दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका डॉक्टरने मला तिला विचारले जाणारे प्रश्न सांगितले. आठवड्याची सुट्टी मिळते का? पहिले तीन महिने घरी जाता येतं का? थीसिसची सही कोण अडवतं? पगार वेळेवर होतो का? रात्री एनआयसीयूत एकटीला टाकतात का? सीनियर ओरडतात, की मारतात? शेवटचा प्रश्न तिने हसत सांगितला. मला हसू आलं नाही.

“आणि मी खरं सांगत नाही,” ती पुढे म्हणाली. “म्हणजे निम्मं सांगते. आमच्या डिपार्टमेंटला कोणी आलंच नाही, तर पुढच्या वर्षीही रक्त काढायला मीच. शिवाय मी वाईट बोलले हे सीनियरला कळलं तर?” म्हणून या फोनांना सांकेतिक वळण लागलेलं आहे. ‘वर्कलोड आहे, पण शिकायला मिळतं’ याचा अर्थ झोप विसरा. ‘ॲडजस्ट झालं की चांगलं आहे’ याचा अर्थ येऊ नका. आणि ‘भेटून बोलू’ असं म्हटलं, तर ती जागा यादीतून काढूनच टाकायची.

इथे एक पेच आहे, जो एक्सेलमध्ये बसत नाही. जिथे हाल जास्त, तिथे हातही जास्त तयार होतो. ससून, नागपूरचं मेडिकल, संभाजीनगरची घाटी, शीव, जे. जे., ही गर्दीची रुग्णालयं. इथला सर्जरीचा रेसिडेंट पहिल्याच वर्षी अपेंडिक्स करतो, आणि गायनॅकची रेसिडेंट तीन वर्षांत जितक्या सिझेरियन बघते, तितक्या एखादी खासगी डॉक्टर दहा वर्षांत बघत नाही. रेसिडेंटांच्या भाषेत तिथे ‘कटिंग’ आहे. याउलट मोठ्या कॉर्पोरेट रुग्णालयातल्या डीएनबीच्या जागेवर ग्रंथालय झकास, यंत्रं नवीन, कन्सल्टंट नामांकित. पण पेशंट त्या कन्सल्टंटचा असतो. तो लाखो रुपये भरून त्याच्याच हातून ऑपरेशन करून घ्यायला आलेला असतो. रेसिडेंट समोर उभा राहून रिट्रॅक्टर धरतो. मेडिसिनमध्ये किंवा रेडिओलॉजीत हा फरक इतका बोचत नाही, सर्जिकल शाखांत बोचतो. डीएनबीची पदवी एमडी-एमएसच्या बरोबरीची मानली जाते, फी किरकोळ, सरकारी बाँडची कटकट सहसा नाही, तरी सर्जरी करू इच्छिणारा मुलगा तीनदा विचार करतो.

यातली सगळ्यात अवघड बाब अशी, की डिपार्टमेंटची माहिती मिळूनही पुरत नाही. मोठ्या कॉलेजात मेडिसिनची किंवा सर्जरीची बरीच युनिटं असतात, आणि एकाच मजल्यावरच्या दोन युनिटांत जमीन-अस्मानाचं अंतर असतं. कोणतं युनिट मिळणार, हे जागा घेऊन, मूळ कागदपत्रं जमा करून झाल्यावर ठरतं. एका युनिटचे प्रमुख रोज सकाळी स्वतः राउंड घेऊन शिकवतात, शेजारच्या युनिटचे प्रमुख दिसले तर रेसिडेंट एकमेकांना सांगतात. देशातल्या दोन लाख डॉक्टरांना एका धाग्यात ओवणारी परीक्षा या शेवटच्या वळणावर येऊन नशिबाच्या हवाली करते.

शेरा रकान्यात न लिहिलेलं, पण फोनवर दबक्या आवाजात विचारलेलं आणखी एक असतं. नव्या रेसिडेंटला वॉर्डात पहिला प्रश्न येतो तो ‘रँक किती?’ हा. रँक कळला की प्रवेश खुल्या गटातून की आरक्षणातून हे कळतं, आणि आडनावावरून न कळलेलं त्यातून कळतं. मे २०१९ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात डॉ. पायल तडवी यांचा मृत्यू झाला. जळगाव जिल्ह्यातल्या, तडवी भिल्ल समाजातल्या पायल यांनी एमबीबीएस मिरजेला केलं होतं आणि नायरमध्ये त्या स्त्रीरोग विभागात पीजी करत होत्या. सीनियर डॉक्टरांनी जातीवरून छळ केल्याचा आरोप झाला, अटका झाल्या, खटला उभा राहिला. त्यानंतर आदिवासी आणि दलित विद्यार्थ्यांचं फोनाफोनीचं आपलं वेगळं जाळं अधिक घट्ट झालं. कोणत्या विभागात ‘आपलं’ कोणी आहे, हा निकष जागांच्या सरकारी तक्त्यात, म्हणजे सीट मॅट्रिक्समध्ये, कुठेही नाही. नांदेडच्या एका मुलाने मला सांगितलं, की त्याने वरच्या क्रमांकाचं कॉलेज सोडून खालचं घेतलं ते निव्वळ या एका कारणासाठी, आणि घरी त्याने कारण सांगितलं ते बाँडचं.

मुलींचा हिशेब आणखी गुंतागुंतीचा. ‘डर्मा घे, ऑप्थॅल घे, घर सांभाळून करता येतं’ हा सल्ला त्यांना न मागता मिळतो, आईपासून विभागप्रमुखापर्यंत सगळ्यांकडून. ऑर्थोपेडिक्स म्हटलं की लोक हातोडीची नक्कल करून दाखवतात. पंचविशी ते अठ्ठाविशी ही रेसिडेन्सीची वर्षं आणि घरच्यांच्या मते लग्नाचीही. स्थळांच्या यादीत ‘पीजी चालू’ याला वजन आहे आणि ब्रँचला त्याहून. तालुक्याच्या गावात स्त्रीरोगतज्ज्ञ बायको आणि बालरोगतज्ज्ञ नवरा ही जोडी अजूनही हुकमी मानतात. एका मजल्यावर बाळ जन्मतं, दुसऱ्यावर त्याला लस मिळते. सर्जन मुलासाठी भूलतज्ज्ञ सून शोधणारे सासरेही मी पाहिलेत. अशा घरात हॉस्पिटलचा स्लॅब आधी पडतो, आणि मुलाची ब्रँच त्या इमारतीच्या नकाशाप्रमाणे ठरते. त्या मुलाला रँक अडीच हजार आला काय अन् अकरा हजार आला काय, त्याने ऑर्थोच घ्यायचं असतं, कारण ओटीत सी-आर्म येऊन पडलेलं असतं.

&nbsp;

यादी भरण्याच्या तंत्राबद्दल थोडं, कारण त्याबद्दलचे गैरसमज दरवर्षी मुलांना महागात पडतात.

एमसीसीचं वाटप रँकच्या क्रमाने होतं. संगणक पहिल्या क्रमांकाच्या उमेदवारापासून सुरू करतो. प्रत्येकाच्या यादीत वरून खाली येतो आणि त्याच्या प्रवर्गासाठी शिल्लक असलेली जी पहिली जागा दिसेल ती त्याला देऊन टाकतो. म्हणजे अशक्य वाटणारी जागा यादीत वर ठेवल्याने काहीही नुकसान होत नाही. ती गेलेली असेल, तर संगणक पुढची बघतो. तरीही ‘मिळणारच नाही तर कशाला भरायची’ असं म्हणून मुलं आपल्या मनातली पहिली जागा गाळतात, आणि मग तीच जागा आपल्या मागच्या मुलाला मिळालेली पाहतात. उलट चूक अधिक वाईट. पहिल्या फेरीत ठीकठाक जागा मिळाली, तिथे रुजू होऊन ‘अपग्रेड’ला होकार दिला, आणि पुढच्या यादीत वरच्या भागात हौसेने दूरचं, नको असलेलं काहीतरी भरून ठेवलं. ते मिळालं की हातातली जागा आपोआप रद्द. आता परत नाही. पहिल्या फेरीत जागा सोडली तर दंड नाही. नंतरच्या फेऱ्यांत अनामत जाते. सरकारी कोट्यासाठी ती खुल्या गटाला पंचवीस हजारांची, अभिमतसाठी दोन लाखांची.

हे वाटप एकतर्फी आहे, म्हणून सोपं आहे. कॉलेजला विचारतच नाहीत, तुम्हाला कोण हवं. अमेरिकेत तसं नाही. तिथे १९५२ पासून ‘मॅच’ नावाची व्यवस्था आहे. उमेदवार प्रोग्रॅमला मुलाखती देतात, मग उमेदवार प्रोग्रॅमची यादी लावतात, प्रोग्रॅम उमेदवारांची, आणि संगणक दोन्ही याद्या जुळवून मार्चमधल्या एका शुक्रवारी सगळ्यांना एकदम निकाल सांगतो. ही जुळवणी सुधारणाऱ्या ॲल्विन रॉथ यांना, आणि तिच्यामागचं गणित मांडणाऱ्या लॉइड शॅपली यांना २०१२ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. पुण्या-मुंबईची कितीतरी मुलं यूएसएमएलई देऊन त्या वाटेने जातात. त्यातल्या स्टेप वनला २०२२ पासून गुणच देत नाहीत, फक्त पास-नापास. त्यामुळे तिथे शिफारसपत्रं, रिसर्च पेपर, मुलाखतीतलं बोलणं यांना भाव आला. या पद्धतीत वशिला शिरायला जागा आहे, आणि आपल्याकडे ती आणली तर काय होईल हे सांगायला ज्योतिषी नको. पण एक गोष्ट तिथे होते. उमेदवार विभागातल्या लोकांशी, तिथल्या रेसिडेंटांशी बोलतो, आता बहुतेक वेळा ऑनलाइन का होईना, त्यांचे चेहरे पाहतो. नवरा-बायको दोघंही उमेदवार असतील, तर दोघांच्या याद्या जोडून एकत्र भरण्याचीही सोय आहे. आपल्याकडे इंटर्नशिपमध्ये लग्न ठरलेल्या जोडप्यातला एक अकोल्याला आणि दुसरा मिरजेला जातो, मग तीन वर्षं महाराष्ट्र एक्स्प्रेसवर संसार चालतो.

अखिल भारतीय कोट्याची मात्र एक मौज आहे. राजस्थानातला, केरळातला, बिहारमधला डॉक्टर घाटीच्या किंवा सोलापूरच्या ओपीडीत येऊन बसतो. महिनाभरात ‘कधीपासून दुखतंय?’, ‘संडासला झाली का?’, ‘सोबत कोण आहे, मावशी?’ इतकं मराठी त्याच्या तोंडी बसतं. अशाच एका मल्याळी मुलाचं मराठी मी ऐकलं. त्यात अदबीचा एकही शब्द नव्हता, आणि एकही म्हातारी त्याच्यावर रागावत नव्हती.

&nbsp;

पैशाचं थोडक्यात सांगतो. सरकारी जागेवर फी कमी आणि वर स्टायपेंड. महाराष्ट्रात निवासी डॉक्टरांच्या ‘मार्ड’ या संघटनेने फेब्रुवारी २०२४ मध्ये संपाचं हत्यार उपसल्यावर सरकारने स्टायपेंड दहा हजारांनी वाढवला. सरकारी जागेच्या बदल्यात पीजीनंतर एक वर्ष सरकारी सेवा, नाहीतर पन्नास लाख रुपये दंड. इतर राज्यांत एक, दोन, कुठे तीन वर्षांचे बाँड. अधेमधे जागा सोडली तर निराळा दंड. या सीट-लीव्हिंग बाँडऐवजी एखादं वर्ष प्रवेशबंदीसारखा उपाय करा, असं वैद्यकीय आयोगाने जानेवारी २०२४ मध्ये राज्यांना सुचवलं, कारण छळ होत असलेला मुलगा दंडाच्या भीतीने तिथेच राहतो. अभिमत विद्यापीठांत रेडिओलॉजी, डर्मा, ऑर्थोची तीन वर्षांची फी कोटींच्या घरात जाते. ज्या रँकला सरकारी कॉलेजात पॅथॉलॉजीसुद्धा मिळणं मुश्कील, त्याच रँकला पैसे असतील तर रेडिओलॉजी मिळते. सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्राने पात्रतेचा पर्सेंटाइल शून्यावर आणला. परीक्षेला बसलेला प्रत्येक जण पात्र. गुणवत्तेवर अग्रलेख झाले. खरा रोख रिकाम्या, महागड्या जागांकडे होता, असं माझं मत.

कारण जागा रिकाम्या राहतात. नीट-पीजी २०२१ च्या सगळ्या फेऱ्या संपल्यावर १,४५६ जागा शिल्लक होत्या. त्या भरायला आणखी एक फेरी घ्या, ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने जून २०२२ मध्ये फेटाळली. त्यातल्या बऱ्याचशा शरीररचनाशास्त्र, फार्मॅकॉलॉजी, मायक्रोबायोलॉजी अशा नॉन-क्लिनिकल शाखांतल्या होत्या. एकीकडे मुलं तीन-तीन वर्षं ड्रॉप घेऊन रेडिओलॉजीसाठी बसतात, दुसरीकडे ॲनाटॉमी शिकवायला माणूस मिळत नाही, आणि नवी कॉलेजं जिल्ह्याजिल्ह्यात उघडतायत. त्या कॉलेजांत शिकवणार कोण, याचं उत्तर या रिकाम्या खुर्च्यांत आहे.

&nbsp;

आणि जागा सोडलीही जाते. मधल्या एका पाच वर्षांच्या काळाचे जे आकडे वैद्यकीय आयोगाकडून बाहेर आले, त्यात हजाराहून अधिक पीजी विद्यार्थ्यांनी शिक्षण मध्येच सोडल्याची नोंद होती, आणि जनरल सर्जरी, स्त्रीरोग या शाखा त्यात ठळक होत्या. दंड भरून, मूळ प्रमाणपत्रं अडकवून, एक वर्ष फुकट घालवून ही मुलं बाहेर पडली.

हा आकडा देशाचा आहे. अमुक कॉलेजच्या अमुक विभागातून गेल्या पाच वर्षांत किती जण सोडून गेले, हे यादी भरणाऱ्या मुलीला कोणी सांगत नाही. कॉलेजच्या आस्थापना विभागात ते राजीनामे फाइलला लावलेले असतात. २०२३ च्या नियमांनी प्रत्येक रेसिडेंटला लॉगबुक ठेवायला लावलंय, म्हणजे कोणत्या विभागातल्या रेसिडेंटने तीन वर्षांत किती सिझेरियन, किती हर्निया स्वतःच्या हाताने केले याची नोंद तयार होतेच. आठवड्याची सुट्टी आणि वीस दिवसांची रजाही त्याच नियमांत आहे. ती मिळाली की नाही, हे ड्यूटीच्या तक्त्यावरून कळतं. नवीन सर्वेक्षण करायची गरज नाही. हे सगळं सीट मॅट्रिक्सच्या शेजारी छापलं, तर लोकांना रात्री-अपरात्री जेआर-वनला फोन करावे लागणार नाहीत.

हीच सूचना मी एका सरकारी कॉलेजच्या माजी अधिष्ठात्यांपुढे ठेवली. ते सज्जन गृहस्थ, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, “मग काही विभागांना कोणी येणारच नाही. ओपीडी कोण चालवणार?” त्यांची अडचण खोटी नाही. सरकारी रुग्णालयं रेसिडेंटांच्या पाठीवर चालतात, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? मी तोच प्रश्न बालरोग विभागातल्या त्या दुसऱ्या वर्षाच्या डॉक्टरला पाठवला. तिचं उत्तर रात्री दोन वाजून काही मिनिटांनी आलं. “नाही आले तर विभागाला सुधारावं लागेल, सर. आत्ता येतात, मग निम्मे सोडून जातात. तेव्हाही ओपीडी आम्हीच चालवतो ना?”